बारा नंबर

वाळपईच्या ठाण्यात, मागच्या खोलीत,
जिथली ट्यूबलाइट पेटण्याआधी दोन मिनिटं विचार करते,
मी बंदुका मोजतो.

नळीची लांबी कुणीही मोजेल, शिंप्याची टेप पुरते.
कायद्याला हवी असते आतली पोकळी,
जिथं लोखंड संपतं तिथपासून
ते पुन्हा सुरू होतं तिथपर्यंतची.
तोंडाशी मोजायचं नाही. तोंड आवळलेलं असतं,
तोंडावर कुणी विश्वास ठेवू नये.

नव्या शिपायाला सांगतो:
बारा नंबर म्हणजे बारा कसलेच नव्हेत.
रत्तलभर शिसं घे, सारख्या बारा गोळ्या ओत,
त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा.
वीस ओतल्यास तर वीस. आकडा मोठा, भोक लहान.
तो मान हलवतो आणि चहा सांगायला जातो.

माझा बाप च्यारी. गेज नव्हता त्याच्याकडे.
गोळी नळीत सोडायचा, कान लावून बसायचा.
घसरताना कुजबुजली तर ठीक,
बोलली तर नळी वाकडी.

चरावण्याच्या वर, रानात, मंगळवारी गवा पडला.
खांद्यामागून एकच गोळी निघाली, चेपून फूल झालेली.
आकार गेला तरी वजन जात नाही:
रत्तलाच्या बाराव्या हिश्श्याला जरा कमी.
गावात बारा नंबरच्या बंदुका अकरा.
खताच्या पोत्यातून आल्या, लुगड्यातून आल्या,
एक तर छत्रीच्या कापडातून.

अकरावी फटू गावकराची. चादरीत.
सोबत त्याच्या बापाचा पोर्तुगीज कागद, वाळवीनं कुरतडलेला,
त्यातला 'कालिब्र' तेवढा शाबूत.
गेज चार बोटं आत गेला आणि थांबला.
बॅटरी मारली. आत माती.
कुंभारणीनं घर बांधलं होतं,
पिवळं, गुळगुळीत, नळीला नळीइतकंच नेमकं.

"डुक्कर आले की काय करतोस?"
"हांव डबो बडयतां," फटू म्हणाला.

मिनेझिस साहेबांना दाखवलं. म्हटलं, ही उडालेली नाही.
ते म्हणाले, गवा पडून सहा दिवस झाले,
कुंभारणीला दोन पुरतात.
मग रकान्यावर बोट ठेवलं: व्यास, मिमी.
"च्यारी, माती हा आकडा नव्हे."

खरं होतं ते.
घर मोडल्याशिवाय मोजता येत नाही,
मोजल्यावर घर राहत नाही.
गज घातला.
बापासारखा कान लावला, का ते ठाऊक नाही.
आधी भुगा आला. मग कोळी,
सात-आठ, पाय पोटाशी घेतलेले, वाळून कागद झालेले.
मग ढेकळं, कोठड्या कोठड्यांची.

अठरा पूर्णांक पाच.
लिहिलं. सही केली. रकाना भरला.
नंतर टेबल पुसताना एक ढेकूळ हाताला लागलं.
त्याला भोक होतं,
बाहेरून नव्हे, आतून पाडलेलं, कड स्वच्छ.
म्हणजे अंडं फुटलं होतं, अळीनं कोळी खाल्ले होते,
पंख फुटून कुणीतरी या नळीतून
उडून गेलं होतं.
सहा दिवसांत हे होत नाही.

कॅलिपर अजून हातात होता. भोक मोजलं.
चार पूर्णांक दोन.
तो आकडा लिहायला तकत्यात जागा नव्हती,
म्हणून ढेकूळ पाकिटात घातलं,
पाकिटावर आकडा टाकला, फाइलला टोचलं.
टाचणीनं थोडी माती सांडली.

फटू बाकावर बसून चादरीची घडी घालत होता,
चारपदरी, मग आठपदरी.
बंदुकीचं त्यानं विचारलंच नाही.
शेवटची बस सहाला, एवढं विचारलं, आणि गेला.

रात्री तिकडे डबा वाजला असेल.
इथं, वाळपईत, ऐकू येत नाही.