पट्टा

आजोबांचा पट्टा बाबांकडे आला,
बाबांचा माझ्याकडे. होडी मात्र विकली गेली.

परवा एबोच्या हातून पामतेलाची बाटली फुटली
आणि माझा हात वर गेला.
माझा कसला, त्या दोघांचा.
तो खाली येईना.
कुणीतरी मनगट धरलं होतं.
खिळ्याचा व्रण असलेल्या हाताची पकड
अशीच असणार: घट्ट, न दुखवणारी.

वीज कडाडली नाही. पास्टर क्वान्साही नव्हते.
एल्मिनाच्या धक्क्यावर कुणी मासळीचा भाव ओरडत होतं.
मी काचा वेचल्या.

पट्ट्यानं आता शेळी बांधतो.

एबो अजून दचकतो,
मी जेवायला हाक मारली तरी.
येशू, तीन दिवस दगडाआड
तूही थांबलासच की.

आज त्यानं माझ्या हातून मक्याचा गोळा घेतला.
दारातच उभं राहून खाल्ला.