गळलेली सफरचंदं

खड्ड्यात तापवलेले दगड, दगडांवर शिंपले, कालवं,
बटाटे, डुकराचं मांस,
वर छत्रीएवढी पानं आणि पानांवर माती.
ह्याला कुरांतो म्हणतात, फिदेलीनो म्हणाला.
उघडलं तेव्हा समुद्रच शिजल्यासारखा वास आला.
मी तीनदा वाढून घेतलं. सुट्टीवर होते.

आधी तळहात खाजले.
मग ओठ माझे राहिले नाहीत.
घशात कुणीतरी मूठ घातली होती
आणि आता ती सावकाश फुगत होती.
'श्वास' ह्या शब्दाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात
ते मला येत नव्हतं,
आलं असतं तरी सांगायला तोच लागला असता.
पिकअपच्या मागे, बटाट्यांच्या पोत्यांवर
मला आडवं टाकलं.

दवाखाना म्हणजे निळ्या पत्र्याची एक खोली.
महिन्यातून एकदा बोटीने डॉक्टर येतो,
तो मंगळवारी येऊन गेला होता.
बाकीचे दिवस रोसाल्बा.
तिने माझ्याकडे पाहिलं, फ्रीज उघडला
आणि जराशी थांबली.
मला वाटलं, औषधावरची तारीख बघत असेल.
वीज गेलेली होती. दारातली एक बाई टॉर्च धरून पुढे आली.
रोसाल्बाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं,
बाईने डोळे मिटून उघडले, एवढंच.
सुई पँटवरूनच मांडीत गेली.

श्वास लगेच आत आला नाही.
उंबऱ्यापाशी घुटमळला, मग आला.

सकाळी सहीसाठी नोंदवही.
माझ्या नावाच्या वर, त्याच औषधापुढे, जानेवारीतली तारीख:
इस्माएल नाहुएल्कीन, वय आठ, गांधीलमाशी.
"कुप्या दोनच असतात," रोसाल्बा बोटं दाखवत म्हणाली,
"एक तेव्हा त्याला लागली.
दुसरी त्याच्यासाठीच ठेवली होती."
मी पाकीट काढलं तर ती हसली.
इथे गल्लाच नाही, सुटे कुठून देऊ?
टॉर्च धरणारी मार्लेने, इस्माएलची आई.

उत्तरेचा वारा. बंदर बंद.
नवी कुपी समोरच्या किनाऱ्यावर येऊन पडली होती,
तिथल्या घरांचे दिवे इथून मोजता येत.

मार्लेनेच्या अंगणात सफरचंदाची सात झाडं.
खाली गळलेली फळं आंबत पडलेली,
आणि वारा जरा कमी झाला की
त्यांच्यावर पिवळ्या-काळ्या माश्या.
खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली होती.
काचेच्या आत इस्माएल,
नाक चपटं करून, माझ्याकडे बघत.

मी हातवारे करून पोतं मागितलं.

चार दिवस वेचली.
काही नुसती हात लावताच बसत होती,
काहींच्या आत माश्याच होत्या, बाहेर सालीचं घर.
पाठ धरली. नखांना दारूचा वास लागला.
पोती मी डुकरांकडे ओढत नेली,
तोवर मागे आणखी पडलेली.
दुसऱ्या दिवशी मार्लेनेने हातमोजे आणून ठेवले,
तिसऱ्या दिवशी माते,
एकाच नळीने, आधी ती, मग मी.
आभार मानायला माझ्याकडे 'ग्रासियास' होता,
आणि तो मी विमानात कॉफीलाही वापरला होता.
म्हणून गप्प प्याले.

पाचव्या दिवशी पाणी निवळलं.
रोसाल्बा धक्क्यावरून बर्फाची पेटी
मूल कडेवर घ्यावं तशी घेऊन आली.
फ्रीजचं दार लागल्याचा आवाज
मी रस्त्यावर उभी राहून ऐकला.

मग मार्लेनेच्या घराचं दार उघडलं
आणि इस्माएल सुटला,
पायांत एकच बूट, माझ्या बाजूने,
माझ्याकडे न बघता, थेट वाळूकडे.

बोटीने माझ्यासाठी दोनदा भोंगा दिला.
झाडांखाली रात्रीतून पाच-सहा पडली होती.
आधी ती उचलली.