हात बदलला तिथे

एल्स्पेथ गेली तो मंगळवार होता.
राजीनामा की हकालपट्टी, कुणी सांगितलं नाही.
दुपारी दार तिचं कार्ड ओळखेनासं झालं, एवढंच;
टेबलावर अर्धा कप चहा राहिला, साय धरलेला.

खेळ निम्म्यावर आला होता.
बेटावरचा पोस्टमन चौथ्या प्रकरणात
एका निळ्या दारापाशी पोचला होता,
हातात पत्र, पत्रावर नाव नाही.
दारामागे काय, ते एकट्या एल्स्पेथला ठाऊक.
विचारलं की म्हणायची,
"आधी दार नीट वाजू दे. मग बघू."
त्या टकटकीपायी तिनं डेव्हीचे अकरा दिवस घेतले:
ओलं लाकूड, सुकं लाकूड,
आतून कुणीतरी ऐकतंय असं लाकूड.

फायलींत जागोजाग तिचे शेरे.
हे नको. इथे थांब.
दुकानदार इथे खोटं बोलतोय, कारण नंतर सांगते.
नंतर.
त्या एका शब्दावर मी अख्खा सप्टेंबर काढला.

मग स्ट्रुअन आला. माणूस वाईट नव्हता.
आल्या आल्या सगळ्यांची नावं पाठ केली,
शुक्रवारी केक आणला,
आणि सोमवारी फळ्यावरून बेटाची उत्तर बाजू पुसली:
तीन गावं, एक दीपगृह, आणि एक विधवा,
जिच्या तोंडी मी चाळीस वाक्यं घातली होती.
"पैसे मार्चपर्यंतच पुरतील," म्हणाला. ते खरंच होतं.
पोस्टमनची बहीण त्याची मुलगी झाली.
ग्लासगोहून तीच नटी पुन्हा आली,
दोन वर्षांनी जड झालेल्या आवाजात
त्याच्या नावाच्या जागी 'बाबा' बसवून गेली.
बाकी वाक्य तेच. राग तोच, बहिणीचा.
बापाशी कुठली मुलगी इतकं बरोबरीनं भांडते?

आमची कचेरी डंडीतल्या जुन्या तागाच्या गिरणीत.
माझ्या आईची आत्या नेटा इथेच मागावर होती,
कोण जाणे, आता पाण्याचं यंत्र आहे तिथेच.
खटखटाटात कान गेले, ओठ वाचत जगली.
सांगायची, पाळी बदलली की कापडाला कळतं.
माग तोच, ताग तोच,
पण दुसरीचं पाऊल निराळं, ओढ निराळी,
आणि आडवी एक रेघ उमटते, केसाएवढी.
मुकादमाला ती दिसायची नाही.
पोतंही कधी तिथे फाटायचं नाही.
"पण बोट फिरव," म्हणायची,
"हात बदलला तिथे."

निळं दार शेवटी माझ्या वाट्याला आलं.
वीसेक तऱ्हांनी लिहिलं. दारामागे आई.
दारामागे तोच पोस्टमन, म्हातारा.
दारामागे समुद्र.
स्ट्रुअनला समुद्र आवडला, सगळ्यांनाच आवडला.
चांगलाच आहे तो समुद्र.
पण माझा आहे.

दुकानदार मात्र अजून खोटं बोलतो, कारणाशिवाय.
दोन मिनिटांचं काम होतं काढून टाकायचं.
नाही काढलं.

नोव्हेंबरात खेळ बाजारात आला.
शेवटच्या नामावलीत एल्स्पेथ गेडिस
'विशेष आभार'मध्ये सापडते,
केकवाल्या बेकरीच्या एक ओळ वर.

परवा माझा भाचा रुअरी खेळायला बसला, बारा वर्षांचा.
निळ्या दाराशी आला, टकटक केली,
आणि उघडायच्या आधी हात मागे घेतला.
"परत वाजवू?"
परत वाजवलं. मान तिरकी करून ऐकलं. परत.
बाहेर टे नदीवर अंधार पडला होता, साडेतीनलाच.
आतून कुणीतरी ऐकत होतं.

पुढे समुद्र आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.