दोन खोकी

फोर्ट गार्लंडला, ला व्हेटा घाटाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे.
लोक चढायच्या आधी इंजिनाबद्दल बोलतात,
उतरून आले की ब्रेकबद्दल.

ओडेलिया आर्चुलेटा मंगळवारी आली.
तिच्याआधी तिच्या फोररनरचा आवाज आला,
पत्र्यावरून खिळा ओढावा तसा.
चाक उतरवलं. पॅड नखाएवढाही उरला नव्हता,
डिस्कवर चर, बोट फिरवून मोजावेत असे.
कधीपासून, विचारलं.
"सेफेरिनो गेला, त्यानंतर केव्हातरी.
मला वाटलं रेडिओ खरखरतोय."

मी काउंटरवर कंपनीचं खोकं ठेवलं.
पांढरं, साधं, कोपऱ्यात बारा आकडी नंबर,
आणि किंमत, जी सांगताना मी नेहमी
खिडकीबाहेर ब्लांका शिखराकडे बघतो.
ती काही बोलली नाही. गाडीकडे गेली,
डिकीतून दुसरं खोकं कवटाळून आणलं.
टोबायस धावला, त्याच्या हाती दिलं नाही.
काळं खोकं. वर ज्वाळा छापलेल्या.
पट्टी अजून न फोडलेली.

"त्यानं मागवलेलं, मार्चमध्ये.
बसवायचं राहिलं."

पावती बाजूला चिकटली होती.
किंमतीवर पेनानं गिचमिड केलेली,
तिला दिसू नये म्हणून.
ती नखानं ती शाई खरवडत राहिली,
आणि मी मला जेवढं येतं तेवढंच बोललो:

हे वाईट नाहीत. खाचांच्या डिस्क, जाड पॅड,
तापले की कडकडून चावतात.
पण आधी तापावे लागतात.
मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये दोन घोडे,
वर गवताच्या पेंढ्या, आणि नऊ मैल उतार,
त्या वजनासाठी घेतलेत त्यानं.
रिकाम्या गाडीला पहाटेच्या बर्फात
पहिल्या वळणावर हे जरा झोपेतच असतील.
कंपनीचे म्हणशील तर रोजच्या संसाराचे.
किराणा, चर्च, वॉल्सनबर्गला नातवाकडे.
घोडे असते तर मीच हे काळं फोडलं असतं.

"घोडे जूनमध्ये विकले," ती म्हणाली,
"दोन्ही एकाच माणसाला. सोबत राहील."

मग थोड्या वेळानं,
"पुढे त्याचे, मागे कंपनीचे, असं चालेल?"
नको, म्हटलं. एक आधी पकडणार, एक मागाहून,
गाडी गोंधळते.
"आम्ही तर तसेच होतो,"
ती हसली, "एकेचाळीस वर्षं."

टोबायसनं कॉफी केली. कपात फक्त गरम पाणी होतं,
पूड घालायची राहिली, हे तिघांनाही
प्यायल्यावर कळलं, आणि कुणी बोललं नाही.

पांढरं खोकं फोडलं.

संध्याकाळी तिच्या शेजारच्या सीटवर बसून
मी तिला हायवेवर नेलं.
नवा पॅड डिस्कला ओळखत नसतो, सांगितलं,
ओळख करून द्यावी लागते.
साठवर जा. दहावर आण.
पुन्हा साठ, पुन्हा दहा.
पण पूर्ण थांबू नकोस,
तापलेल्या डिस्कवर पॅड जिथे थांबेल
तिथे त्याचा डाग उठतो, मग जन्मभर थरथर.
सहाव्या वेळी जळकट वास आला.
तिनं काच खाली घेतली, विचारलं, "आता?"
आता नुसती चालव. वारा लागू दे.

कुंपणांच्या तारा, एक बंद पेट्रोल पंप,
गाईंची एक रांग, सगळं हळूहळू गेलं.
आम्ही एक शब्द बोललो नाही.

गॅरेजपाशी मी उतरलो. काळं खोकं परत करत म्हटलं,
ठेवू नकोस, विकून टाक, सॅन लुईसचा एकजण घेईल.
बघू, म्हणाली. खोकं घेतलं, माझ्याच जागी ठेवलं
आणि गाडी सुरू केली.

टिंग, टिंग, टिंग.
लोखंडाच्या दोन डिस्क, भरपूर वजन.
गाडीला वाटलं, शेजारी कुणी बसलंय
आणि त्यानं पट्टा लावलेला नाही.

मी सांगणार होतो, खाली ठेव, पायाशी.
तिनं आधीच हात लांबवला होता.
पट्टा ओढला, ज्वाळांवरून आडवा घेतला,
खटका लावला,
आणि एकदा ओढून बघितला, बसलाय का.