डावी बाजू

रुबाब तडवी पहिल्यांदा भुसावळला आला तेव्हा
बनियनवर केळीच्या चिकाचे डाग होते,
काळपट, धुऊन न जाणारे.
घड उतरवलेल्या खोडांवर ठोसे मारून शिकलेला पोरगा.
खोड सरकत नाही, उलटून मारत नाही,
नुसतं पाणी सोडतं.
यालाही वाटायचं, समोरचा माणूस तसाच असणार.

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या पत्र्याखाली, भर मे महिन्यात,
तो सरळ चालत जायचा.
मागे पाऊल असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.
तीन खाऊन एक द्यायचा
आणि तो एक पुरायचा.
फालक सर कपाळाला हात लावायचे.
मी बादली धरायचो.

मग सरांनी त्याचा उजवा हात पंच्याने कमरेला बांधला.
सहा महिने.
डावा हात म्हणजे दाराची कडी, म्हणाले,
आधी ती वाजव, मग घरात जा.
रुबाबने इतकी वाजवली
की इगतपुरीचा एक पोरगा दुसऱ्या राउंडला
वैतागून खालीच बसला.
ती त्याची चांगली वर्षं.
पाय गँगमनसारखे पडायचे,
न बघता, नेमके स्लीपरवर.

पंचविशीत उजव्या मुठीचं हाड मोडलं.
जुळलं, पण थंडीत बोलायचं.
तेव्हापासून उजवा तो फक्त दाखवायचा,
लग्नात आहेराचं पाकीट दाखवतात तसा.
तिशीत दम उणा पडला
तर मिठी मारायला शिकला.
सगळं वजन समोरच्याच्या मानेवर टाकून
कानात विचारायचा, जेवला का?
पंच येऊन सोडवेपर्यंत
दोन श्वास जमा.

आणि बत्तिसाव्या वर्षी एकाएकी उलटा उभा राहिला.
उजवा पाय पुढे, उजवा खांदा पुढे.
वा, लोक म्हणाले, या वयात नवी शैली!
पेपरात चार ओळी आल्या.
ग्लोव्हची नाडी ओवताना
ती दोनदा भोकाच्या बाजूने गेलेली
मी बघितली होती.
डावा डोळा.
तापीच्या डोहात बुडी मारून वर बघावं
तसं दिसतं, म्हणाला. सरांना नको सांगू.
नाही सांगितलं. डॉक्टरलाही नाही.
आम्ही आमचं ठरवलं:
समोरचा डावीकडे सरकला
की मी बादलीवर एकदा वाजवायचं.
नियमात बसत नव्हतं. कशातच बसत नव्हतं.
दोन वर्षं ते शैली म्हणून खपलं.

शेवटची लढत घरच्याच रिंगणात, यार्डाला लागून.
तिसरा राउंड,
आणि दीपनगरची कोळशाची रेक आली.
पत्रे थरथरले. बादलीतलं पाणी थरथरलं.
मी वाजवलं. पुन्हा वाजवलं. मूठ आपटली.
ऐकायला म्हणून त्याने मान जराशी कलती केली
आणि अकोल्याचा तो विशीतला पोरगा
बरोबर तिथूनच आला.
एक. दोन.
पुढचे ठोसे मोजवेनात,
म्हणून मी डबे मोजायला लागलो.
रुबाब मागे सरला नाही.
कडी गेली, मिठी गेली, गँगमनचे पाय गेले,
पहिल्या दिवसासारखा उभा.
या खेपेला खोड तो होता.

गाडी सरल्यावर घंटा ऐकू आली.
किती वेळ वाजत होती कोण जाणे.
कोपऱ्यात येऊन बसला, गुळणी टाकली,
पाण्यात लाल धागा सुटला.
किती डबे होते रे भो?
अठ्ठावन्न, मी म्हणालो.

परवा यावलला त्याच्या बांधावर भरीत होतं.
कापसाच्या काट्यांवर वांगी फुटत होती,
आणि तो चार पोरांना पाय कुठे ठेवायचा ते सांगत होता,
उठून, हातात मिरची घेऊन.
मी ताट पुढे केलं. डावीकडून.
बोलत राहिला.
मी ताटाच्या काठावर बोट वाजवलं,
एकदा.
तो वळला,
आधी खांदा, मग मान.