पस्तीस टक्के

डंडी. रात्रीचे पावणेदोन.
ओव्हनमधली जाळी काढून तिच्यावर लॅपटॉप ठेवलाय,
खालून हवा लागावी म्हणून.
पंखा असा घोंघावतो की शेजारच्या खोलीतून कॅलम
भिंतीवर टकटक करतो. एकदाच.
भला माणूस.

पडद्यावर टे नदी
चौकोना-चौकोनानं उमटतेय.
एका लाटेला अकरा मिनिटं.

नवं कार्ड वसंतात येणार, म्हणतात.
पस्तीस टक्के जास्त वेगवान.
आमच्या शाळेत पस्तीसला काठावर पास म्हणायचे,
बिवलकर बाई खाली लाल रेघ ओढायच्या.

नाव मात्र थोरल्या भावाचंच.
तो टेबलाखालच्या पेटीत बसून
तीनशे वॉट गिळतो, ढेकर देत नाही.
याच्या ताटात शंभर,
वर दटावणी: धाव,
पण मांडी भाजता कामा नये.

अकराची आठ झाली
तर उरलेल्या तीन मिनिटांचं मी काय करणार?
आत्ता निदान उठतो, खिडकीशी जातो.
पलीकडे न्यूपोर्टचे चार दिवे,
मध्ये नुसता काळोख,
तीच नदी असं धरून चालायचं.
काहीतरी हलतंय, एवढंच कळतं.

म्हणजे माझी लाट फार उजळ झाली.

परत येतो. अठ्ठ्याण्णव टक्के.
पुसतो. पहिल्यापासून.

हीटर बंद आहे, मीटर परवडत नाही.
दोन्ही तळवे कळफलकाच्या कडेला टेकवून बसतो.

पुढचं कार्ड थंड चालेल, असंही म्हणतात.
तेवढं एक विचारून घ्यायला हवं.