छाट

"ते हसू तुझंच ना?"
अम्मानं विचारलं तेव्हा मांडीवर सूप होतं,
सुपात भिजवलेली पानं, कात्री, पत्र्याचा फर्मा,
आणि कोनाड्यातला रेडिओ बंद.
मी म्हटलं, कुठलं हसू?

सहा वर्षं मी काचेच्या अलीकडं बसतोय.
पलीकडं इरेश हत्तुरे, सकाळी आठ ते अकरा:
"काय बे सोलापूर, उठलास का?"
आणि सोलापूर उठायचं.
सात रस्त्यावरचे रिक्षावाले, चाटी गल्लीतली दुकानं,
आमच्या विडी घरकुलातल्या बाया तर
हजार विड्यांचा हिशोब त्याच्या बडबडीवर बांधायच्या,
दुसऱ्या गाण्यापर्यंत दीडशे,
बातम्या लागेस्तोवर तीनशे.
अम्माला मराठी आलं ते निम्मं त्याच्याकडून.

मंगळवारी तो म्हणाला,
"लग्न करायचं तर विडीवालीशी करा बे,
हात चाटला की तलफ भागते!"

एवढंच. साडेचार सेकंद.
रेकॉर्डिंग तपासायला मागितलं तेव्हा मी मोजले.
त्यातले साडेतीन त्याचे.
शेवटचा एक माझा.
माझा माइक उघडा राहिला होता.

दुपारी बाया जिना चढून आल्या.
नागमणीअक्कानं मॅनेजरच्या टेबलावर हात ठेवला,
उताणा. बोटांच्या पेरांत तंबाखूचा तो पिवळा,
जो साबणानं जात नाही, लग्नाच्या हळदीतही दिसतो.
"चाटा," म्हणाली.
मॅनेजर पंख्याकडं बघत राहिला.
हाच दर सोमवारी सांगायचा,
तिखट पाहिजे इरेश, शेंगाचटणीसारखं,
मिळमिळीत कोण ऐकतंय.

बाया गेल्या. इरेश नोकरीत होता.
बुधवारी साडीवाल्या शेठजींनी जाहिरात काढून घेतली.
बुधवारी संध्याकाळी इरेश नोकरीत नव्हता.

जाताना त्यानं हेडफोन खुंटीला लावला, नीट,
वायर गुंडाळून.
"अंबादास, तू तरी सांगायचं होतंस बे," म्हणाला.
काय सांगायचं होतं?
थांब म्हणून? की मीही हसलो म्हणून?
बटणाखाली बोट माझंच होतं.
त्याला दोन पोरी, फ्लॅटचा हप्ता.
आमच्या गल्लीतल्या पोरींना शाळेत
"हात दाखव गं" म्हणून पिडतात, अजून पिडतात,
नोकरी त्याची गेली, वाक्य कुठं गेलं?

मी अम्माला म्हणालो, जरा शहाणपणानंच,
पंचवीसच्या कट्ट्यात एक सैल निघाली
तर विडी छाटतात, हात तर नाही ना छाटत.
अम्मानं दोरा ओढून तोडला.
"एक सैल निघाली की मूठभर काढतात रा.
मजुरी आमची कापतात.
आणि छाट टाकून देत नाहीत.
तीच विकतात."

पुढं काही बोलली नाही. मीही नाही.
तिला काय म्हणायचं होतं
ते मला रात्री दोनदा कळलं,
दोन्ही वेळा वेगवेगळं.

काल इरेश घरकुलात आला.
रिक्षावर भोंगा, मागं चादरींचा ढीग,
"पाचशेला दोन, पाचशेला दोन,"
काय बे नाही, सोलापूर नाही, नुसता भाव.
बाया दारात आल्या.
शिवी दिली नाही कुणी. हसलंही नाही.
नागमणीअक्कानं एक चादर उलगडली,
उजेडात धरून वीण पाहिली,
साडेचारशे म्हणाली.
तो चारशे ऐंशीवर आला, मान खाली घालून,
आणि तिनं तिच्या त्याच हातानं पैसे दिले,
त्यानं मोजून घेतले.

अम्मा उंबऱ्यातूनच ऐकत होती.
"घसा बसलाय त्याचा," म्हणाली.
मग माझ्याकडं वळली.
"तू का हसलास?"

मला अजून सांगता आलेलं नाही.
रेडिओ कोनाड्यातच आहे, त्यावर खिळ्यांचा डबा.
आता ती विड्या मोठ्यानं मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि मी घरात असलो
की जरा जास्तच मोठ्यानं.